तळणीचं तेल डिझेलच्या जागी: ६० रुपये किलोला परवडतं का?

विहीरकाठ (धागाकर्ता)

विहिरीवर ५ अश्वशक्तीचं एक सिलिंडरचं, कमी फेऱ्यांचं डिझेल इंजिन आहे. पूर्ण भारावर तासाला साधारण १.१ लिटर डिझेल लागतं. तालुक्याच्या गावातला फरसाणवाला वापरलेलं पामोलीन आधी ४० रुपये किलोने द्यायचा, आता ६० मागतो, आणि "घ्यायचं तर घ्या, टँकरवाला (वापरलेलं तेल गोळा करून नेणारा) येतोच आहे" असं सांगतो. डिझेल ९० रुपये लिटर धरलं तर या भावात तेलापासून बायोडिझेल (तेलावर मेथॅनॉलची क्रिया करून केलेलं इंधन) करणं परवडेल का? की तेल नुसतं गाळून थेट इंजिनात घालावं? आणि भाव इतका का चढला, तो परत उतरेल का? आकड्यांसकट सांगितलंत तर बरं होईल.

---

इंजिनघर

आधी हिशेब मांडतो. भाव तुमचेच धरलेत, बाकीचे आकडे किरकोळ खरेदीचे आहेत. आपल्या गावचे आकडे घालून पुन्हा करून बघा.

१०० लिटर स्वच्छ तेल हवं असेल तर १०६ लिटर विकत घ्यावं लागतं, कारण बेसनाचा गाळ आणि पाणी मिळून पाच-सहा टक्के जातंच. तेलाची घनता ०.९२, म्हणजे १०६ लिटर म्हणजे साडेसत्त्याण्णव किलो.

तेल: ९७.५ किलो × ६० = ५८५० रुपये
मेथॅनॉल: २० लिटर, म्हणजे १५.८ किलो × ५० = ७९०
कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड): १.०८ किलो × १२० = १३०
वीज: ६०
गाळणीचं कापड, पिशव्या: ५०
मजुरी: ४००

एकूण ७२८० रुपये. यातून धुऊन, वाळवून हाती येतं ९२ लिटरच्या आसपास. म्हणजे लिटर पडला ७९ रुपयांना.

इथेच बरेच जण हिशेब थांबवतात आणि "अकरा रुपये वाचले" म्हणतात. तसं नाही. बायोडिझेलच्या एका लिटरमध्ये डिझेलपेक्षा आठ-नऊ टक्के कमी उष्णता असते. डिझेलच्या एका लिटरचं काम करायला १.०९ लिटर बायोडिझेल जाळावं लागतं. ७९.१० × १.०९ केलं की ८६ रुपये २० पैसे येतात. वाचले ३ रुपये ८० पैसे. शंभर लिटरच्या एका घाण्यामागे तीनशे रुपयांच्या थोडे वर.

हाच हिशेब ४० रुपये किलोने केला तर डिझेलच्या लिटरच्या तोडीचा खर्च ६३ रुपये येतो आणि एका घाण्यात सव्वादोन हजारांवर सुटतात. ड्रम, पंप, हीटर, नळ्या यांना पंधरा हजार धरा. ४० च्या भावात ते सात घाण्यांत वसूल होतात. ६० च्या भावात सत्तेचाळीस घाणे लागतील.

डिझेल ९० असताना तेलाचा तोट्या-नफ्याचा काटा ६३ रुपये किलोवर आहे. त्यावर एक रुपया जरी दिला तरी पंपावरून डिझेल आणलेलं बरं. आणि हा काटा चांगल्या तेलाचा आहे. आंबट तेलाला, म्हणजे मोकळं आम्ल वाढलेल्या तेलाला, तो आणखी खाली येतो. त्याचं तपशिलात कोणी रसायनवाले सांगतील.

---

तेलबाजार

भाव का चढला ते सांगतो. तळणीचं तेल हे आता टाकाऊ राहिलेलं नाही, हे एकच कारण आहे. बाकी सगळं त्याच्या पोटात येतं.

पहिलं, ताज्या तेलाचा भाव. आपण खाद्यतेलाची निम्म्याहून जास्त गरज आयातीवर भागवतो आणि त्यात पाम मोठं. एप्रिल २०२२ च्या अखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली, ती २३ मेपर्यंत. युक्रेनच्या युद्धाने सूर्यफूल तेल आधीच अडलं होतं. पुढे इंडोनेशियाने स्वतःच्या डिझेलमध्ये पामचं बायोडिझेल मिसळायचं प्रमाण २०२३ मध्ये ३५ टक्के आणि २०२५ मध्ये ४० टक्के केलं. म्हणजे तिथलं पाम तिथल्याच ट्रकांत जळतं. आपल्याकडे सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोया, सूर्यफूल तेलावरचा एकूण आयातकर साडेपाच टक्क्यांवरून २७.५ टक्के झाला, आणि २०२५ च्या मे महिन्याच्या शेवटी तो १६.५ वर आला. ताजं तेल चढलं की फरसाणवाला तेच तेल जास्त वेळा तळतो. त्यामुळे तेल कमी निघतं आणि जे निघतं ते जास्त आंबट असतं. भाव वर आणि दर्जा खाली, दोन्ही एकदम.

दुसरं, गिऱ्हाईक वाढलं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलात ध्रुवीय घटक (तेल किती बिघडलं याची खूण) २५ टक्क्यांवर गेले की ते वापरायचं नाही असा नियम लावला. त्याच वर्षी १० ऑगस्टला वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेल करायची योजना निघाली. १ मार्च २०१९ पासून दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांना नोंद ठेवून मान्यताप्राप्त संकलकालाच तेल द्यावं लागतं. तुमचा फरसाणवाला त्या आकड्यात बसत असेल तर त्याने ते तुम्हाला विकणंच नियमात बसत नाही, हे आधी विचारून घ्या.

तिसरं, तेल कंपन्यांनी ऑगस्ट २०१९ मध्ये वापरलेल्या तेलाच्या बायोडिझेलला भाव बांधून दिला: पहिल्या वर्षी लिटरला ५१ रुपये, दुसऱ्या वर्षी ५२.७०, तिसऱ्या वर्षी ५४.५०. वरचा हिशेब बघा. आज नुसत्या कच्च्या तेलाचा लिटर पंचावन्न रुपयांना पडतो. खाद्यतेल चढलं तेव्हा हे बांधलेले भाव अपुरे पडले, आणि गोळा झालेलं तेल जिथे जास्त पैसे मिळतील तिकडे वळलं.

चौथं, विमानं. युरोपात २०२५ पासून विमान इंधनात २ टक्के शाश्वत इंधन मिसळणं सक्तीचं आहे. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ ला १ टक्का, २०२८ ला २ टक्के आणि २०३० ला ५ टक्के असं लक्ष्य आहे. पानिपतच्या रिफायनरीला ऑगस्ट २०२५ मध्ये वापरलेल्या तेलापासून असं इंधन करायचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. चीनने १ डिसेंबर २०२४ पासून वापरलेल्या तेलाच्या निर्यातीवरची १३ टक्के करपरतफेड बंद केली. त्याने चीनचं स्वस्त तेल बाजारात महाग झालं आणि बाकीच्या देशांच्या तेलाला भाव आला.

भाव उतरेल का? डिझेल पडलं तर थोडा उतरेल. पण ४० चे दिवस परत येतील असं धरून यंत्रसामग्री घेऊ नका.

---

म्युनिकवरून

हे सगळं जर्मनीत आधी होऊन गेलंय, म्हणून लिहितो. इथे नव्वदीत आणि दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांत मोहरीच्या जातीचं रेपसीड तेल थेट गाडीत घालायचं मोठं चलन होतं. त्यासाठी इंजिनात फेरफार करून देणारी वर्कशॉप्स होती, आणि इंधन म्हणून रेपसीड तेलाचं स्वतंत्र प्रमाणकही निघालं. त्याचं सगळं गणित करमाफीवर उभं होतं. २००८ मध्ये शुद्ध वनस्पती तेलावर लिटरमागे सुमारे १० सेंट कर लागला, २००९ मध्ये १८, आणि २०१३ पासून ४५ सेंट. डिझेलवरचा कर ४७. फरक संपला आणि वर्कशॉप्सही संपली. शेतीच्या ट्रॅक्टरला कर परत मिळायची सोय होती, म्हणून काही शेतकऱ्यांनीच ते चालू ठेवलं.

ब्रिटनने २००७ मध्ये उलट केलं. स्वतःपुरतं इंधन करणाऱ्याला वर्षाला २५०० लिटरपर्यंत करच नाही. तरीही तिथले घरगुती करणारे कमी झाले, कारण उपाहारगृहं आधी फुकट दिलं जाणारं तेल विकायला लागली. धोरण काहीही असो, तेलाचा भाव सगळ्यावर मात करतो.

---

थेटधार

इंजिनघर यांचा बायोडिझेलचा हिशेब बरोबर आहे, पण बायोडिझेल कशाला करायचं? तेल गाळून, पाणी काढून थेट जाळलं तर मेथॅनॉल नाही, पोटॅश नाही, धुणं नाही. १०० लिटरला ५८५० अधिक गाळायचे तीनशे. लिटर साडेएकसष्ट रुपयांना. तेलात डिझेलपेक्षा पाचच टक्के कमी उष्णता. १.०५ ने गुणलं तरी ६४ रुपये ६० पैसे. म्हणजे लिटरमागे पंचवीस रुपये सुटतात.

---

इंजिनघर

हिशेब बरोबर, पण इंजिन त्या हिशेबाला मान्यता देत नाही.

डिझेलचा घट्टपणा ४० अंशांवर २ ते साडेचार सेंटिस्टोक असतो. सोया-पामसारख्या तेलाचा ३० ते ४०. नोझलमधून डिझेलचा धुकट फवारा निघतो, थंड तेलाची मात्र धार निघते. ती पूर्ण जळत नाही. नोझलच्या टोकावर कोळशाची फुलं येतात, रिंगा खाचांत चिकटतात, आणि न जळलेलं तेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या वंगणपात्रात) उतरतं. तिथे ते वंगणाबरोबर गरम राहून घट्ट होतं. डिपस्टिकला वंगण डिंकासारखं ओढलं जायला लागलं की समजा उशीर झाला. एका रात्रीत ते दह्यासारखं जमून क्रँकला तेल न मिळाल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

यावर उपाय आहे: तेल ७५-८० अंशांना तापवून द्यायचं, मग घट्टपणा दहा-बारापर्यंत उतरतो. इंजिन डिझेलवर सुरू करायचं, तापल्यावर तेलावर वळवायचं, आणि बंद करायच्या आधी पाच मिनिटं परत डिझेलवर आणायचं म्हणजे पंपात आणि नोझलात तेल राहत नाही. दोन टाक्या, मध्ये तीन तोंडांचा कॉक.

पण विहिरीवरच्या इंजिनाची खोच वेगळीच आहे. त्याला थर्मोस्टॅट नसतो. पंपाच्याच डिलिव्हरीतून एक बारीक नळी इंजिनाच्या पाणकोटातून (सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीतून) फिरवून बाहेर सोडलेली असते. विहिरीचं पाणी पंचवीस अंशांचं. इंजिनाचं अंग चाळीस-पन्नासवरच राहतं, हात ठेवता येतो. डिझेलला ते चालून जातं, तेलाला नाही. अशा गार सिलिंडरमध्ये रिंगा शंभर-दीडशे तासांत चिकटतात. म्हणून आधी त्या नळीवर एक छोटा कॉक बसवा आणि बाहेर पडणारं पाणी ७०-७५ अंशांचं होईल इतकाच प्रवाह सोडा. साधा थर्मामीटर पाण्याखाली धरून मोजा. अंदाजाने कॉक कमी करू नका, वाफ झाली तर हेड तडकेल. इंधन तापवायला या पाण्यावर विसंबू नका. सायलेन्सरच्या पाइपाभोवती लोखंडी नळीचे चार-पाच वेढे द्या आणि त्यातून तेल येऊ द्या. तांब्याची नळी नको, तांब्यामुळे गरम तेल लवकर बिघडतं.

वंगण निम्म्या तासांत बदला. दोनशे तासांना बदलत असाल तर शंभरला. साडेतीन लिटर वंगणाचे हजार धरले तर लिटरमागे साडेचार रुपये तिथे गेले. नोझल दर दीडशे तासांना काढून फवारा तपासायचा. हे सगळं केलं तर कमी फेऱ्यांचं, इनलाइन पंपाचं इंजिन थेट तेलावर चालतं आणि लिटरमागे पंधरा-वीस रुपये खरोखर सुटतात. यातलं एक जरी टाळलं तर एका रिंगसेटच्या आणि होनिंगच्या (सिलिंडर आतून घासून घेण्याच्या) बिलात वर्षाची बचत जाते.

रोटरी पंपाच्या इंजिनात थेट तेल घालूच नका. थंड घट्ट तेलात पंपाचा आतला शाफ्ट तुटतो. कॉमन रेलच्या (संगणकाने इंधन सोडणाऱ्या नव्या) गाडीचा तर विचारही नको: न बायोडिझेल शंभर टक्के, न तेल. धूर-गाळणी साफ करायला ती गाडी सिलिंडरात उशिरा जादा इंधन सोडते. डिझेल उडून जातं, हे उडत नाही, सरळ संपमध्ये जमतं.

---

रसायनकट्टा

तेल आंबट आहे की नाही हे विकत घेण्याआधी कळतं, आणि ते कळल्याशिवाय भाव ठरवू नये. सामान दोनशे-तीनशे रुपयांचं. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये तुमच्याच पिशवीतला बरोबर १ ग्रॅम कॉस्टिक पोटॅश विरघळवा. ही मोजायची बाटली. छोट्या काचेच्या बाटलीत १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन-तीन थेंब, आणि त्यात १ मिली तेल. तेल इंजेक्शनच्या सिरिंजने मोजा, बाहेरचा भाग पुसून. आता पोटॅशचं पाणी थेंब थेंब घाला आणि बाटली गोल फिरवत रहा. आधी गुलाबी ठिपका उठतो आणि लगेच विरतो. मग विरायला वेळ लागायला लागतो. जांभळटसर गुलाबी रंग पंधरा-वीस सेकंद टिकला की थांबा. किती मिली लागलं तो तुमचा आकडा.

आधी तेल न घालता नुसत्या अल्कोहोलवर हीच कृती करून घ्या. अल्कोहोलच जरा आंबट असेल तर तेवढं वजा करा. आणि आकडा एकदा नाही, तीनदा काढायचा. तीनही जवळपास आले तरच खरा.

आकडा ३ आला तर लिटरमागे ३ ग्रॅम पोटॅश तेलातल्या मोकळ्या आम्लात जाणार आणि मूळ क्रियेला शुद्ध पोटॅश ७ ग्रॅम लागतो. बाजारातला पोटॅश ९० टक्क्यांच्या आसपास, म्हणून ७.८. एकूण १०.८ ग्रॅम लिटरला. इंजिनघर यांनी १.०८ किलो तिथूनच काढलाय. ३ या आकड्याला तेलात दीड टक्का मोकळं आम्ल आहे. ६ ला तीन टक्के. त्यापुढे साबण इतका होतो की धुताना सगळं लोण्यासारखं बसतं आणि ग्लिसरीन वेगळंच होत नाही.

क्रिया अशी. तेल आधी ६० अंशांना तापवून झाकून रात्रभर ठेवा. पाणी आणि बेसन तळाशी बसतं. वरचं घ्या, तळाचं पाच टक्के सोडून द्या. पाणी गेलं का हे बघायला जाड तव्यावर, १४० अंशांच्या आसपास, चमचाभर तेल टाका. तडतडलं, फुगे आले तर पाणी आहे, परत तापवा. ओलं तेल घेतलं तर पोटॅश क्रियेत न जाता साबणात जातो.

मेथॅनॉल तेलाच्या २० टक्के, म्हणजे लिटरला २०० मिली. झाकणाच्या जाड प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये मेथॅनॉल घ्या आणि त्यात पोटॅश थोडा थोडा टाका. उलट नको. मिश्रण तापतं. विरघळेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं हलवा. तेल ५५ अंशांवर आणा, हीटर बंद करा, मग मिश्रण सोडा, पंपाने तासभर फिरवत रहा. मेथॅनॉल ६४.७ अंशांना उकळतं, त्यामुळे साठच्या वर कधीच नाही.

एक गोष्ट ठणकावून सांगतो. मेथॅनॉलची ज्योत दिवसा दिसत नाही आणि वाफेने डोळे जातात. ड्रम झाकणबंद हवा, चूल-शेगडी जवळ नको, मोकळ्या जागेत करा, रबरी हातमोजे आणि चष्मा घाला. घोटभर पोटात गेलं तर माणूस जातो, म्हणून पाण्याच्या बाटलीत कधी भरून ठेवू नका. साठवायला आणि विकायला विषारी पदार्थांच्या नियमांखाली परवाना लागतो. विकत घेतानाच तो विषय काढा.

तासाभराने थांबवा आणि आठ-बारा तास बसू द्या. तळाशी गडद तपकिरी ग्लिसरीन, वर पिवळट बायोडिझेल. ग्लिसरीन काढून टाका. मग वरचं नमुना म्हणून घ्या: ३ मिली बायोडिझेल २७ मिली मेथॅनॉलमध्ये. स्वच्छ विरघळलं आणि तळाला थेंब राहिला नाही तर क्रिया पूर्ण. थेंब बसला तर न बदललेलं तेल उरलंय. परत ५ टक्के मेथॅनॉल आणि थोडा पोटॅश घेऊन तासभर फिरवा. हे न बघता धुवायला घेतलं की हमखास दही होतं.

धुताना पहिलं पाणी फवाऱ्याने हळूच वरून सोडा, हलवू नका. ते पांढरं साबणाचं पाणी काढा. पुढच्या दोन वेळा जरा ढवळलं तरी चालेल. प्रत्येक वेळी बायोडिझेलच्या एक तृतीयांश पाणी, म्हणजे शंभर लिटरला शंभर लिटर पाणी जातं. शेवटी ५५-६० अंशांना तापवून झाकण उघडं ठेवून फिरवा. काचेच्या बरणीतून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता आलं म्हणजे पाणी गेलं.

---

उंडल

कोकणातून. विकतच्या तेलाऐवजी आपल्या बांधावरचं तेल का नाही? आमच्याकडे उंडीचं तेल दिव्याला आणि होड्यांना लावायला पिढ्यान्पिढ्या आहे. घाटावर करंज आहे. बिया वेचायच्या, घाण्यावर गाळायच्या. बाजारभावाचा संबंधच राहत नाही.

---

घाणेवाला

उंडल ताई/दादा, बिया स्वतःच्या असतील आणि वेचणारे घरचेच असतील तर नक्की करा. पण फुकट आहे असं धरू नका.

करंजाच्या गरातून घाण्यावर पाव भाग तेल निघतं, म्हणजे चार किलो गराला एक किलो. टरफल फोडणं वेगळं, शेंगेच्या वजनाच्या निम्मं तर टरफलातच जातं. एका किलो तेलामागे आठ-नऊ किलो शेंगा वेचाव्या, फोडाव्या, वाळवाव्या लागतात. त्याची मजुरी मांडली की ते तेल तळणीच्या तेलापेक्षा महाग पडतं. शिवाय करंजाला शेतीच्या फवारणीचं आणि साबणाचं गिऱ्हाईक आहे, म्हणजे जाळण्यापेक्षा विकलं तर जास्त मिळतं. २००३ साली देशभर जट्रोफा लावायची मोहीम निघाली तीही याच जागी अडली: झाड जगलं तरी बी पुरेशी धरेना, आणि वेचायचा खर्च तेलाच्या भावात बसेना.

आंबटपणा तर विचारूच नका. पावसात भिजलेल्या करंजाचं आणि उंडीचं तेल रसायनकट्टा यांच्या बाटलीत १० च्या वर जातं. बी पडल्याच्या आठवड्यात गोळा करून कडक उन्हात वाळवली आणि पोत्यात हवा खेळती ठेवली तरच आकडा आटोक्यात राहतो. मग ती पेंड मात्र शेताला द्या. करंजाची पेंड उत्तम खत आहे, तिथे खरा पैसा आहे. गुरांना मात्र घालू नका.

---

म्युनिकवरून

थंडीचा मुद्दा राहिला. फरसाणचं तेल पामोलीन असणार. पामचं बायोडिझेल पंधरा अंशांच्या आसपास गढूळ व्हायला लागतं आणि त्याखाली फिल्टर मेणाने बंद होतो. नाशिक-निफाडकडे डिसेंबरात पहाटे पाणी द्यायचं असेल तर बायोडिझेल २० टक्के आणि डिझेल ८० टक्के असंच मिसळा. उन्हाळ्यात पूर्ण चालेल.

---

इंजिनघर

आणखी एक. जुन्या टाकीत पहिल्यांदा बायोडिझेल घातलं की ते वर्षानुवर्षांचा मळ धुऊन काढतं. पहिल्या दोन-तीन टाक्यांत फिल्टर बंद पडणार, इंजिन दम टाकणार. ते तेलाचं नव्हे, मळाचं काम आहे. दोन फिल्टर जवळ ठेवा. साध्या रबराच्या नळ्या फुगतात आणि सहा महिन्यांत पिठासारख्या होतात, त्या बदला. पितळी कॉक आणि जस्ताची टाकी काढून टाका. जाड पॉलिथिनचा ड्रम किंवा स्टेनलेस चालतं. केलेलं बायोडिझेल भरून, झाकून, उन्हाबाहेर ठेवा आणि तीन-चार महिन्यांत संपवा.

---

विहीरकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. फरसाणवाल्याकडून लिटरभर नमुना आणून रसायनकट्टा यांच्या पद्धतीने तीनदा मोजलं. आकडे ७.३, ७.६, ७.५. अल्कोहोलचं वजा करून. तव्यावर तडतडलंही. त्याचा भाव ६० च. दुसरा एक खानावळवाला आहे, दिवसाला दहा-बारा लिटरच तेल वापरतो, त्याचं तेल २ वर आलं, पण महिन्याला चाळीस लिटरच मिळेल. थेट तेलावर चालवायचा विचार सोडला, पाणकोटाची नळी तशीच ठेवायची आहे.

---

रसायनकट्टा

७.५ म्हणजे जवळपास चार टक्के मोकळं आम्ल. हे एकटं घेऊ नका. दोन्ही निम्मं-निम्मं मिसळलं तर आकडा येतो ४.७५. करता येतं, साबण होईल पण दही होणार नाही. पोटॅश लिटरला साडेबारा ग्रॅम घ्या आणि पहिलं धुणं अगदी हलक्या हाताने करा. पहिल्यांदा शंभर लिटर नको, एक लिटरची बाटलीतली चाचणी घ्या. महिन्याला खानावळीचं चाळीस आणि फरसाणचं चाळीस, असा ऐंशी लिटरचा एकच घाणा बसतो.

तव्यावर तडतडलं म्हणजे तुम्ही त्याला पाण्याचेही साठ रुपये देताय. वजन करून घेण्याआधी डबा एक रात्र बसू द्यायला सांगा आणि तळाची गढूळ बाजू परत करा.

---

इंजिनघर

आणि भाव. नुसतं ७.५ चं तेल घेतलं तर १०० लिटरमागे हाती ८३ लिटरच येईल, पोटॅश दीड किलोवर जाईल. डिझेल ९० धरून उलटा हिशेब केला तर त्या तेलाला जास्तीत जास्त ५५ रुपये किलो देता येतात, तेही काहीच न सुटता. खानावळीच्या २ च्या तेलाला ६३ पर्यंत बिनधास्त द्या. फरसाणवाल्याला ५० सांगा आणि तोही भाव तडतड नसलेल्या, गाळ काढलेल्या तेलाचा. नाही म्हणाला तर टँकरवाल्याला घेऊ दे. तुमचं इंजिन खानावळीच्या चाळीस लिटरवर, २० टक्के मिसळून, डिझेलबरोबर व्यवस्थित चालेल.

---

विहीरकाठ

खानावळीचं ठरवतो. सिरिंज आणि पोटॅशची बाटली पिशवीतच ठेवतो, प्रत्येक डब्याचा आकडा वहीत लिहून भाव देईन. त्याची पहिली लिटरभर चाचणी झाली की ३ मिली आणि २७ मिलीचा निकाल इथेच टाकतो.